काल रात्री आपण काय जेवलात?

(राष्ट्रीय पोषण माहानिमित्त सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महिला बचत गट, अंगणवाडी सेविका व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



माहिती अधिकारी भाषणाला उभा राहिला म्हणजे तो आता योजनांची यादी वाचून दाखवणार, अशी आपली अपेक्षा असणार. ती रास्तही आहे, कारण ते माझे कामच आहे. योजनांची माहितीपत्रके बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत; जाताना ती अवश्य न्यावीत. परंतु आज मी सांगण्यासाठी जितका आलो आहे, त्याहून अधिक विचारण्यासाठी आलो आहे.

मंडपात येताना आपल्या प्रत्येकीच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर दोन ओळी होत्या. पहिली ओळ : काल रात्री आपल्या घरी जेवायला काय होते? दुसऱ्या ओळीकडे आपण नंतर वळू. नाव लिहू नये, असे मुद्दाम सांगितले होते. ज्यांना लिहिण्याची सवय नाही, त्यांच्या चिठ्ठ्या अंगणवाडी सेविकांनी लिहून घेतल्या. अध्यक्ष महोदयांचे भाषण चालू असताना मी त्या चिठ्ठ्या चाळत होतो. त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो. पण खरे सांगायचे तर इतके वाचनीय साहित्य पुष्कळ दिवसांत माझ्या हाती पडले नव्हते.

“काही विशेष नाही”

त्यांतल्या काही चिठ्ठ्या वाचून दाखवतो. “ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगाची चटणी.” “भाकरी आणि पालेभाज्यांचा गरगट्टा.” “दिवसभर खुरपणीला होते, म्हणून नुसती मुगाची खिचडी.” “हुलग्याचे शेंगोळे, सासऱ्यांना आवडतात.” “चपाती आणि बटाट्याची भाजी; पोरं भाकरी खात नाहीत.” “सकाळचीच आमटी उकळली, वर भात टाकला.” एका भगिनीने लिहिले आहे, “पाव आणि चहा, कारण गॅस संपला होता.” तिने प्रामाणिकपणे लिहिले, याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत.

एक गोष्ट मला जागोजाग आढळली. पदार्थाचे नाव लिहिण्यापूर्वी अनेकींनी तीन शब्द लिहिले आहेत : “काही विशेष नाही.” काही विशेष नाही, आपली भाकरी-भाजी. काही विशेष नाही, वरणभात. या ‘काही विशेष नाही’ विषयीच मला आज बोलायचे आहे. कारण भगिनींनो, वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्रींपैकी पुरणपोळीच्या रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. आपली हाडे, आपले रक्त, आपल्या मुलांची उंची ही सारी त्या उरलेल्या रात्रींनी घडवलेली असते. जे ‘विशेष नाही’, त्याच्यावरच घर उभे असते.

ग्रंथांत नसलेले ताट

आपल्याकडे अन्नाविषयी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला. राजाने काय खावे आणि ते कसे रांधावे, याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले आणि धान्ये, भाज्या व पक्वान्ने यांचे गुणधर्म सांगितले. छापखाना आल्यानंतर पाकशास्त्राची पुस्तके निघू लागली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि लग्न होऊन सासरी जाणाऱ्या कित्येक मुलींच्या पेटीत त्याला जागा मिळाली.

हे सारे ग्रंथ आपले वैभव आहेत. तथापि राजाच्या ताटात काय होते हे त्यांतून कळते, एखादा पदार्थ कसा करावा हेही कळते. परंतु एखाद्या मंगळवारी, दिवसभर शेतात राबून घरी आलेल्या बाईने रात्री काय शिजवले आणि स्वतः काय खाल्ले, हे त्यांतून कळत नाही. ते लिहून ठेवावे असे कोणालाच वाटले नाही. ज्या हातांनी ते शिजवले त्या हातांना लेखणी फार उशिरा मिळाली, आणि मिळाल्यावरही ‘त्यात लिहायचे काय’ असेच वाटत राहिले. आज आपण भरलेल्या या चिठ्ठ्या म्हणूनच मी मोलाच्या मानतो.

चुलीगणिक चव निराळी

माझी नोकरी बदलीची. तिने मला महाराष्ट्राचे अनेक भाग दाखवले. नव्या गावी गेलो की तेथील माणसांची ओळख करून घेण्यासाठी मी हाच प्रश्न विचारीत असे : “काल रात्री घरी काय केले होते?” माणसे आधी हसत, आणि मग मोकळेपणाने बोलू लागत.

कोकणात हा प्रश्न विचारला की उत्तराची सुरुवात भातापासून होई. भातावर कुळथाची पिठी, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा जवळा आणि शेवटी सोलकढी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि मासेमारी बंद असते. त्या दिवसांसाठी उन्हाळ्यातच अंगणात मासळी वाळवून ठेवणारी बाई पुढच्या चार महिन्यांच्या रात्रीच्या जेवणाची तरतूद करीत असते. तिच्या त्या कामाला आपण नियोजन म्हणत नाही, एवढेच.

खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीने माझे स्वागत झाले. थंडीत वांग्याचे भरीत तर घरोघर. पण रात्र झाली की पुष्कळ घरांत खिचडी शिजते. वर कच्चे तेल, बाजूला भाजलेला पापड. जळगावकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने मला सांगितले, “साहेब, खिचडी खाल्ल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.”

विदर्भात वरण-भात-भाजी-पोळी हा क्रम ठरलेला. पण खेड्यात अंबाडीची भाजी तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली मिळाली, आणि एका वाडग्यात पालेभाजी, डाळ व धान्य कसे नांदते हे पाहून मी थक्क झालो. नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात नागलीची काळसर भाकरी आणि उडदाची आमटी. मराठवाड्यात, माझ्या स्वतःच्या घरी, भाजी नसली की वरणफळे. आमटी उकळायला ठेवायची आणि कणकेच्या पोळीचे तुकडे तिच्यात सोडायचे, की एका भांड्यात सगळ्यांचे जेवण तयार.

आणि मुंबईत? तेथे रात्रीच्या जेवणाची सुरुवात लोकलगाडीतच होते. सायंकाळच्या गर्दीत महिलांच्या डब्यात, मांडीवर पिशवी घेऊन गवारीच्या शेंगा मोडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या भगिनी मी स्थानकावरून पाहिल्या आहेत. घर येण्यापूर्वीच त्यांनी स्वयंपाकाला हात घातलेला असतो.

या साऱ्या ताटांत एक समान सूत्र आहे. आपल्या बोलीत भाकरीसोबत खायच्या पदार्थाला ‘कोरड्यास’ म्हणतात. कोरड्या भाकरीला ओलावा देणारे ते कोरड्यास. घरात जे असेल, ऋतूत जे मिळेल, खिशाला जे परवडेल, त्यातून रोज नवे कोरड्यास उभे करणे ही आपल्या घरोघरीच्या स्वयंपाकिणींची विद्या आहे. या विद्येला पदवी नाही आणि प्रमाणपत्रही नाही.

पिठले-भाकरीचे शास्त्र

ज्याला आपण ‘काही विशेष नाही’ म्हणतो, त्याकडे आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहू या. ज्वारी, बाजरी, तांदूळ या धान्यांतील प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो. हरभरा, मूग, तूर, कुळीथ या डाळींत तो भरपूर असतो. पण त्यांत मेथिओनीन नावाचा दुसरा घटक कमी पडतो, आणि तो धान्यात असतो. म्हणजे भाकरीला पिठले आणि भाताला वरण ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढणारी आहे. प्रयोगशाळेत हे सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी ही जोडी जुळवली होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची तक्ते प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम; पॉलिश केलेल्या तांदळात मात्र एक मिलिग्रॅमही नसते. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तांदळात जेमतेम ७ ते ८. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस यांच्या चटण्या आपण केवळ तोंडीलावणे समजतो. प्रत्यक्षात त्या स्निग्धांश व खनिजे यांचा घरगुती साठा आहेत. ताटाच्या कोपऱ्यातील लिंबाची फोडही शोभेसाठी नसते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. याउलट जेवणाला लागून घेतलेला चहा त्या लोहाला अडवतो. म्हणून जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा टाळावा. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरांतील मोठ्या उपाहारगृहांत ज्वारी-बाजरीचे पदार्थ दिमाखात झळकले. आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण “पोरं भाकरी खात नाहीत” ही चिठ्ठीसुद्धा आज येथेच, ज्वारीच्या कोठारात, माझ्या हाती आली आहे. शिधावाटप दुकानातून वर्षानुवर्षे मुख्यतः गहू-तांदूळ मिळत गेले. चपाती प्रतिष्ठेची ठरली. भाकरी थापण्याचा हातही हळूहळू दुर्मिळ होत चालला. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. आठवड्यातून तीन रात्री भाकरी, एवढा निश्चय घरातल्या मोठ्यांनी केला तरी सुरुवात होईल.

चिठ्ठीवरची दुसरी ओळ

आता दुसऱ्या ओळीकडे वळू. ती अशी होती : आणि आपण स्वतः काय खाल्ले?

भगिनींनो, पहिली ओळ आपण भरभरून लिहिली. दुसरी ओळ पुष्कळ चिठ्ठ्यांत कोरी आहे. काहींत “तेच” असा एकच शब्द आहे. एका चिठ्ठीत लिहिले आहे, “उरलेले.” दुसरीत, “अर्धी भाकर, चटणी. भाजी संपली होती.” आणखी एकीत, “भूक नव्हती.” ही शेवटची चिठ्ठी वाचून मी काही वेळ थांबलो. दिवसभर काम करून, घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर रोज रात्री नेमकी भूक नसणे, हे माझ्या परिचयाचे आहे. माझ्या आईलाही रात्री भूक नसे.

माझी आई आज सत्तरीच्या घरात आहे. काही वर्षांपूर्वी ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सातच्याही खाली आले होते. ते किमान बारा असावयास हवे. डॉक्टर शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी विचारले, “आजी, काल रात्री काय जेवलात?” आई म्हणाली, “भाकरी, वांग्याची भाजी, वरण, भात.” डॉक्टर म्हणाल्या, “हे घरात झाले होते. तुम्ही काय खाल्ले?” आई गप्प झाली. तिने माझ्याकडे पाहिले.

बंधु-भगिनींनो, मी तिचा मुलगा. आदल्या रात्री त्याच घरात, त्याच स्वयंपाकातून पोटभर जेवलेला. मला उत्तर देता आले नाही. माझ्या लहानपणी रोज रात्री वडील, आम्ही भावंडे आणि पाहुणे असत ते, अशी आमची पंगत बसे. आई वाढीत असे. आम्ही उठल्यावर ती जेवत असे, एवढेच मला ठाऊक होते. तिच्या ताटात काय असते, हे पाहायला मी आयुष्यात एकदाही मागे वळलो नव्हतो. कालवणाचे पातेले थोडे पाणी घालून विसळायचे आणि त्यात अर्धी भाकरी कुस्करायची, हे तिचे रात्रीचे जेवण होते, हे मला त्या दवाखान्यात, वयाच्या चाळिशीत कळले. घरात अन्नाची टंचाई नव्हती. टंचाई होती ती तिच्याकडे पाहण्याची.

हे एका घराचे दुःख असते तर मी ते या व्यासपीठावर आणले नसते. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे ते घटले नाही, वाढले. देशभरात त्याच वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांचे २५ टक्के. मासिक पाळी व बाळंतपण यांमुळे स्त्रीच्या शरीरातून रक्त जाते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोहाची गरज सांगितली आहे. ज्या व्यक्तीला लोह सर्वांत जास्त हवे, तीच पातेले रिकामे झाल्यावर जेवायला बसते. हा केवळ रूढीचा प्रश्न नाही. तो रक्ताचा प्रश्न आहे.

पातेल्याचा हिशेब, ताटाचा हिशेब

कुटुंबाच्या खर्चाच्या ज्या मोठ्या पाहण्या होतात, त्यांत घरात किती धान्य, किती डाळ, किती तेल आले याची नोंद केली जाते आणि माणसांच्या संख्येने भागून दरडोई आकडा काढला जातो. हा पातेल्याचा हिशेब होय. तो आवश्यकच आहे. परंतु पातेल्यातील अन्न घरातल्या माणसांत समान वाटले गेले, असे त्यात गृहीत धरावे लागते.

ताटाचा हिशेब निराळा असतो. १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळाने आपल्या पाहण्यांत त्यासाठी एक साधी पद्धत वापरली. प्रमाणित मापाच्या वाट्या-पेले घेऊन कार्यकर्ते घरी जात आणि गेल्या चोवीस तासांत कोणी काय, किती खाल्ले हे व्यक्तीगणिक विचारून घेत. म्हणजे “काल रात्री आपण काय जेवलात?” हा प्रश्न भोचकपणाचा नाही, तो शास्त्राचा मान्य प्रश्न आहे. तो विचारायला आपल्याला कोणत्याही मंडळाची गरज नाही. आपल्याच घरात, आपल्याच माणसाला तो विचारता येतो.

त्याच १९७२ सालाची आणखी एक आठवण सांगतो. त्या वर्षीच्या भीषण दुष्काळाचे नाव काढले की आजही आपल्याकडची वडीलधारी माणसे गंभीर होतात. माझी आई तेव्हा लहान मुलगी होती. आपल्या आईबरोबर ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. घरी परदेशातून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी, आणि कामावर सुकडी. दवाखान्यातून घरी आल्यावर एका संध्याकाळी ती सहज बोलून गेली, “सुकडी बरी होती. ती ज्याच्या त्याच्या हातावर देत आणि तिथंच खायला लावत. घरी नेता येत नसे.” दुष्काळाविषयी चांगले असे तिच्या तोंडून मी ऐकलेले हे एकच वाक्य. त्याचा अर्थ मला पुढे, कामाच्या निमित्ताने उमगला.

आपल्या राज्यातील आदिवासी क्षेत्रात २०१५ सालापासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्याखाली गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचा गरम, चौरस आहार अंगणवाडीत दिला जातो. अंगणवाडीतच का? शिधा घरी नेला तर तो पातेल्यात पडतो आणि पातेल्यातून साऱ्या घराला वाटला जातो. मातेने ताटावर बसून जेवावे आणि ते अन्न तिच्याच पोटात जावे, हा त्यामागील विचार आहे. शासनाची योजना जेथे ताट वाढू शकते तेथे ती वाढते. पण रात्रीचे ताट कोणतीही योजना वाढू शकत नाही. ते घरातच वाढले गेले पाहिजे.

करता येण्याजोगे

यावर उपाय काय, असे आपण विचाराल. मी डॉक्टर नाही. ज्यांना थकवा, चक्कर, धाप यांचा त्रास आहे त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे आणि दिलेल्या लोहाच्या गोळ्या मध्येच बंद करू नयेत, एवढे निश्चित सांगतो. केवळ अन्नाने प्रत्येक रक्तक्षय बरा होत नाही. परंतु तीन गोष्टी अशा आहेत की, त्यांसाठी कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.

पहिली गोष्ट, रात्री सर्वांनी एकत्र बसावे. भांडी मध्ये ठेवावीत आणि ज्याने त्याने वाढून घ्यावे. पंगतीला बसलेल्यांना भाजी किती आहे हे दिसले, की ती आपोआप सर्वांना पुरते. गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी ही आपली हौस मी समजू शकतो. पण त्या हौसेची किंमत कोण मोजते, याचा विचार पुरुषांनी करावा. चार भाकऱ्या आधी थापून टोपलीत झाकून ठेवल्या तर काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, एकत्र बसणे जमत नसेल तर स्वयंपाक करणारीचे ताट आधी वाढून झाकून ठेवावे. पाहुण्याचे ताट आपण काढून ठेवतोच ना? मग घरच्या अन्नपूर्णेचे का नाही? हे काम तिने करू नये. घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. तिने केले तर ती पुन्हा कमीच वाढून घेईल.

तिसरी गोष्ट मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या बंधूंसाठी. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे दिसून आले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामात सहभागी होणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही सहभागी होणारे पुरुष शंभरात सुमारे २६ च. उरलेल्या चौऱ्याहत्तरांत आपण आहोत काय, हे ज्याचे त्याने पाहावे. भाजी निवडणे, कांदा चिरणे, भांडी उचलणे यांत कमीपणा नाही. ती अर्ध्या तासाने लवकर मोकळी झाली, तर जेवतेवेळी तिला भूकही असेल.

बचत गटांना एक सूचना करतो. मासिक बैठकीत आपण पैशांचा हिशेब वहीत लिहिता, तसे वहीचे एक पान या प्रश्नासाठी राखून ठेवा : काल रात्री मी काय जेवले? नावे लिहिण्याची गरज नाही. वर्षाच्या शेवटी ती बारा पाने वाचा. ऋतूप्रमाणे कोणत्या भाज्या येतात, कोणत्या महिन्यात ताट कोरडे पडते, ‘भूक नव्हती’ किती वेळा लिहिले गेले, हे सारे आपल्याच हस्ताक्षरात आपल्यापुढे असेल. ग्रामसभेत परसबागेची किंवा आणखी कशाची मागणी करायची झाली तर त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही. आणि पन्नास वर्षांनी कोणी विचारले की या गावातल्या साध्या बायका रोज काय जेवत होत्या, तर उत्तर देणारा एक तरी ग्रंथ असेल.

शेवटी एक कबुली देतो. आज सकाळी चिठ्ठ्यांचा गठ्ठा बांधताना एक चिठ्ठी मीही भरायला घेतली. पहिल्या ओळीवर लिहिले : कढी, मुगाची खिचडी, लोणचे. दुसऱ्या ओळीशी आलो आणि हात थांबला. काल रात्री बैठक लांबली, मी उशिरा घरी पोहोचलो, झाकून ठेवलेले जेवलो आणि झोपलो. ज्या बाईने ते झाकून ठेवले होते, तिने काय खाल्ले, हे मी विचारले नाही. आईच्या आजारपणानंतर आमच्या घरी एकत्र जेवण्याचा नियम आहे. तो पुष्कळदा पाळला जातो. काल पाळला गेला नाही. आपल्याला उपदेश करायला निघालेल्या माणसाच्या चिठ्ठीची दुसरी ओळ कोरीच आहे. ती चिठ्ठी मी आपल्या चिठ्ठ्यांतच ठेवली आहे.

बाहेरच्या टेबलावर माहितीपत्रकांशेजारी कोऱ्या चिठ्ठ्यांचा आणखी एक गठ्ठा आहे. तो भगिनींसाठी नाही. येथे आलेल्या प्रत्येक पुरुषाने त्यातली एक चिठ्ठी घरी न्यावी. तिच्यावर एकच ओळ आहे : आज रात्री आपल्या घरात जिने स्वयंपाक केला, तिने काय खाल्ले? उत्तर विचारून लिहू नये. शेजारी बसून, पाहून लिहावे. मीही एक चिठ्ठी घेऊन जात आहे.